वाचकांचे प्रश्न : धबधब्याची वाट आणि एक दिवस

अमेरिकेत राहणाऱ्या, तसेच मुलाबाळांकडे तिकडे जाऊन आलेल्या वाचकांकडून धबधब्यांच्या सहलींविषयी बरीच पत्रे आली आहेत. तिकडे प्रत्येक राज्य स्वतःची उद्याने राखते. त्यांना स्टेट पार्क म्हणतात आणि केंद्र सरकारच्या नॅशनल पार्कांहून त्यांचा कारभार वेगळा असतो. आपल्या माणसांच्या वस्तीपासून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असे धबधबे बहुतेक या राज्य उद्यानांतच आहेत. म्हणून त्यांच्याविषयीची पाच पत्रे यावेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझे आईवडील जूनमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. वडील ७१ वर्षांचे असून आजही पहाटे अजिंक्यतारा चढतात. आई ६६ वर्षांची आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला आहे. दोघांनाही ठोसेघरचे फार वेड. आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. एका दिवसात पाहून परत येता येईल असा धबधबा कोणता? सगळे जण वॉटकिन्स ग्लेनचे नाव सुचवतात. — एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : वॉटकिन्स ग्लेनची शिफारस करणाऱ्यांचे काही चुकत नाही. सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाला असलेल्या त्या अरुंद घळीत सुमारे दोन मैलांच्या अंतरात ओढा चारशे फूट खाली उतरतो, वाटेत १९ धबधबे लागतात, आणि दोन ठिकाणी तर पायवाट पाण्याच्या पडद्यामागून जाते. परंतु तुमच्या घरातली माणसे आणि तुमच्या हातातला एक दिवस पाहता मी तुम्हाला तेथे जाण्याचा सल्ला देणार नाही. एडिसनहून तेथे पोहोचायला चार तासांच्या आसपास लागतात, म्हणजे जाऊन येऊन आठ तास गाडीत गेले. चार तास गाडीत दुमडून ठेवलेला गुडघा घेऊन तुमच्या आईंनी उतरावे आणि समोर आठशेहून अधिक दगडी पायऱ्या असाव्यात, त्याही तुषारांनी ओल्या झालेल्या, हे मला योग्य वाटत नाही. काही जण वरच्या प्रवेशद्वाराशी उतरून घळीतून खाली चालत येण्याची युक्ती सांगतात. तिने दम वाचतो हे खरे, पण बदललेल्या गुडघ्याला चढणीपेक्षा उतरणच अधिक जाचते, हे आई तुम्हाला स्वतःच सांगतील.

तुमच्यासाठी मी पेनसिल्व्हेनियातील रिकेट्स ग्लेन स्टेट पार्क सुचवतो. एडिसनहून अडीच तासांच्या आसपास लागतात. किचन क्रीक नावाचा ओढा आणि त्याचे दोन फाटे डोंगरावरून उतरताना वीसहून अधिक धबधबे तयार करतात. त्यांतला सर्वांत उंच गनोगा ९४ फुटांचा आहे. ठोसेघर डोळ्यांत साठवलेल्या माणसाला हा आकडा लहान वाटेल. पण तेथील मौज उंचीत नसून एकामागून एक येणाऱ्या धबधब्यांत आणि त्यांच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या जुन्या अरण्यात आहे. ही जमीन एकेकाळी कर्नल रिकेट्स यांच्या मालकीची होती. यादवी युद्धात गेटिसबर्गला लढलेल्या या गृहस्थांनी १८८९ ते १८९३ या काळात माणसे लावून येथील पायवाट आणि दगडी पायऱ्या बांधून घेतल्या, आणि आजही आपण बहुतांशी त्याच वाटेने चालतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून जावे. धबधब्यांचा पूर्ण फेरा ७.२ मैलांचा म्हणजे साडेअकरा किलोमीटरांचा आहे, त्यात हजार फुटांच्या आसपास चढ-उतार आहे आणि वाट खडबडीत, ओली व जागोजागी उभी आहे. तो फेरा आईंसाठी नाही. बहुतेक लोक उद्यानाच्या वरच्या भागात, जीन सरोवराच्या बाजूला गाडी लावतात. तुम्ही तसे न करता खाली, ११८ क्रमांकाच्या रस्त्यालगतच्या वाहनतळावर थांबावे. तेथून काही पावलांवर ३६ फुटांचा अॅडम्स धबधबा आहे, आणि तेथूनच एव्हरग्रीन ट्रेल नावाचा एक मैलाचा वळसा सुरू होतो. शेकडो वर्षे वयाच्या हेमलॉक आणि पाइन वृक्षांखालून जाणारी ही वाट सोपी आहे. देवराईत शिरल्यावर आपला आवाज जसा आपोआप खाली येतो तसाच तो येथेही येतो. काठी हातात घेऊन, घाई न करता आईंना तो वळसा पुरा करता येईल. नाही जमला तरी अॅडम्स धबधबा पाहून झालेलाच असेल.

दुपारी जेवण झाल्यावर वडील आणि मुलगा यांना घेऊन तुमच्यापैकी एकाने त्याच वाहनतळावरून ओढ्याच्या काठाने वर जावे. दोन फाटे जेथे एकत्र येतात ती जागा १.८ मैलांवर आहे, आणि तेथे पोहोचेपर्यंत आणखी तीन धबधबे भेटतात. तेथून परत फिरावे. अजिंक्यतारा रोज चढणाऱ्या माणसाला याचे काही वाटणार नाही. उलट त्यांना आवरणे हेच तुमचे काम असेल, कारण ओळखीच्या चढावर कमावलेला आत्मविश्वास शेवाळलेल्या परक्या दगडावर दगा देऊ शकतो. दुसऱ्या मोठ्या माणसाने आईंबरोबर खालीच थांबावे. त्या भागात मोबाइलची रेंज बेभरवशाची असते. तेव्हा किती वाजता आणि कोठे भेटायचे हे घड्याळ पाहून ठरवून घ्या, ‘फोन करतो’ यावर विसंबू नका.

पादत्राणांविषयी मी थोडा हट्टी आहे. पाहुण्या आईवडिलांना आपण चपला किंवा गुळगुळीत झालेल्या जुन्या बुटांवर धबधब्याला नेतो आणि पाय घसरला की त्यांच्या वयाला दोष देतो. त्यांना आल्या आल्या खोल खाचांच्या तळव्यांचे बूट घेऊन द्या आणि सहलीपूर्वी आठवडाभर ते घालून घराभोवती चालायला लावा. पाय झाकणारी विजार आणि लांब मोजेही हवेत, कारण या पट्ट्यातील गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या चावण्याने लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर सर्वांनी, विशेषतः मुलाने, गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत नीट तपासून पाहावे.

हाताशी दोन दिवस असतील तेव्हा मात्र वॉटकिन्स ग्लेनच्या बाजूला जरूर जा, आणि आईंना तेथून जवळच असलेला टॉगॅनॉक धबधबा दाखवा. २१५ फुटांची त्याची उडी नायगाऱ्याहून तीसेक फूट अधिक आहे. पायथ्याकडे नेणारी पाऊण मैलाची वाट रुंद आणि जवळजवळ सपाट आहे, आणि तेवढेही चालवले नाही तर रस्त्यालगतच्या सज्जातून तो समोरासमोर दिसतो.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये मुलीने आम्हाला टॉगॅनॉक धबधबा पाहायला नेले. छायाचित्रांत गर्जना करणारा तो धबधबा प्रत्यक्षात दोरीएवढ्या धारेचा निघाला. आपल्याकडे ऑगस्टात सगळा सह्याद्री पाण्याने ओसंडत असतो. तिकडे असे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची निराशा मी समजू शकतो, आणि ती एकट्या तुमच्या वाट्याला आलेली नाही. श्रावण म्हणजे धबधबा हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की तिकडेही आपण शाळांच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे शोधत निघतो, आणि न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला नेमके तेच दिवस पाण्याच्या दृष्टीने सर्वांत रोडावलेले असतात.

आपल्याकडे वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो. तिकडे तो बाराही महिन्यांत थोडाथोडा, बऱ्याच अंशी सारखा वाटलेला असतो. मग ऑगस्टात ओढे का आटतात? याचे उत्तर आभाळात नसून रानात आहे. उन्हाळ्यात पानांनी भरलेली झाडे जमिनीतील पाणी ओढून घेतात, उन्हाने बाष्पीभवनही वाढते, आणि पडलेल्या पावसाचा मोठा भाग ओढ्यापर्यंत पोहोचतच नाही. ऑक्टोबरात पाने गळू लागली की तोच ओढा तितक्याच पावसावर पुन्हा बोलू लागतो. हिवाळ्यातले पाणी बर्फाच्या रूपाने डोंगरावर साठून राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये वितळून एकदम खाली येते. म्हणून तिकडचा खरा धबधब्यांचा हंगाम एप्रिल-मे हा आहे, आणि त्याखालोखाल रंगलेल्या पानांचा ऑक्टोबर. वॉटकिन्स ग्लेनसारख्या काही घळींच्या वाटा मात्र बर्फ आणि सुटे दगड यांमुळे हिवाळ्यात बंद ठेवतात आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्या उघडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे लागते.

शिकागोजवळच्या वाचकांनाही हेच लागू आहे. इलिनॉयमधील स्टार्व्ड रॉक येथील वालुकाश्माच्या १८ घळी पाहण्यासारख्या आहेत, पण त्यांतील पाणी बर्फ वितळताना आणि मोठ्या पावसानंतरच वाहते. घरून निघण्यापूर्वी पाण्याचा अंदाज घेण्याची एक चांगली सोय आहे. अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते देशभरातील हजारो नद्या-ओढ्यांचा प्रवाह मोजून त्याचे आकडे सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करते. तुमच्या धबधब्याच्या ओढ्यावर मोजपट्टी नसली तरी शेजारच्या ओढ्याचा आकडा नेहमीच्या सरासरीच्या वर आहे की खाली, एवढे कळले तरी दिवस निवडता येतो. मुलीला पुढच्या वेळी हे पाहायला सांगा.

तरीही तुमची ती फेरी वाया गेली असे मी म्हणणार नाही. पाणी कमी असताना तेथील कातळ दिसतो, आणि टॉगॅनॉकचा कातळ वाचण्याजोगा आहे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाच्या चिखलाचे आणि वाळूचे हे थर आहेत. पुढे हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी उत्तर-दक्षिण दऱ्या खोल कोरल्या. बाजूने येऊन मिळणारे ओढे मात्र तितके खोल गेले नाहीत. बर्फ हटल्यावर मुख्य दरीत सरोवर राहिले आणि हे ओढे उंचावर लटकल्यासारखे राहून तेथून खाली कोसळू लागले. टॉगॅनॉकचा धबधबा सुरुवातीला सरोवराच्या काठाशीच पडत होता. पाण्याने खालचा मऊ पंकाश्म, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला दगड, झिजवला, वरचा टणक थर आधार सुटून कोसळत राहिला, आणि गेल्या दहा-बारा हजार वर्षांत धबधबा मागे मागे सरकत आजच्या जागी गेला. वाहनतळापासून पायथ्यापर्यंत तुम्ही जी पाऊण मैलाची सपाट वाट चाललात, ती धबधब्याच्या माघारीची वाट आहे. सरोवरात शिरलेले जमिनीचे टोकही त्याच झिजेच्या गाळाचे आहे.

प्रश्न : आमचा मित्रांचा गट दर महिन्याला एखाद्या धबधब्याला जातो. न्यूयॉर्कच्या उद्यानांत कठडा ओलांडू नका, डोहात उतरू नका अशा पाट्या सगळीकडे आहेत. कोल्हापूरला असताना आम्ही आंबोलीला धबधब्याखाली भिजलेलो आहोत. इतका कडकपणा कशासाठी? — एक वाचक, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क

उत्तर : त्या पाट्यांच्या बाजूने मला अगदी मनापासून बोलायचे आहे.

पहिले कारण दगडाचे. आंबोलीचा कातळ आणि तुम्ही जाता त्या घळींचा पंकाश्म यांत फार फरक आहे. पंकाश्म पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. हिवाळ्यात त्याच्या भेगांत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि दगडाला आतून ढिला करते. म्हणूनच दर वसंतात वाट उघडण्यापूर्वी उद्यानाचे कर्मचारी कड्यांवर दोरांनी लोंबकळून सुटलेले दगड पाडतात. हे काम केवळ वाटेच्या वर केलेले असते. कठड्यापलीकडे, ओढ्याच्या पात्रात तुम्ही उभे राहता तेथे डोक्यावरचा दगड कोणी तपासलेला नसतो.

दुसरे कारण पाण्याचे. धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की त्या फेसात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, आणि खाली गेलेले पाणी वळून पुन्हा धारेकडेच ओढते. वसंतातील पाणी तर नुकते वितळलेले असते. त्या गारठ्यात पडल्यावर पहिल्या क्षणी श्वास नकळत आत ओढला जातो, आणि पट्टीचा पोहणाराही तेथेच फसतो. घळ अरुंद असल्याने वर कोठे मोठा पाऊस झाला तर पाणी पसरायला जागा नसते, ते उंच चढते. जुलै १९३५ मधील पुराने वॉटकिन्स ग्लेनमधील वाटा आणि पूल वाहून नेले होते. आज आपण जी दगडी बांधणीची सुंदर वाट पाहतो ती त्यानंतरची आहे.

आपल्याकडे आपण भिजतो, हे खरे. पण ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेही आपल्याकडेच. पाणी वाढत असताना ती माणसे एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभी होती, हे दृश्य अनेकांनी पाहिले आणि मीही ते विसरू शकलेलो नाही. पाणी ओळखीचे आहे, मागच्या वेळी काही झाले नव्हते, यावर कोणीही विसंबू नये.

पाण्यात उतरायची हौस मारून टाका असे मात्र मी सांगत नाही. इथाका गावाजवळील रॉबर्ट ट्रीमन आणि बटरमिल्क फॉल्स या दोन उद्यानांत धबधब्याच्या पायथ्याशी पोहण्याची जागा राखलेली आहे. उन्हाळ्यात जीवरक्षक हजर असतात तेव्हाच ती खुली असते. तुमच्यापासून ती फार लांब नाही. ट्रीमनमध्ये सकाळी लवकर वरच्या टोकाला १८३९ मधील जुन्या पिठाच्या गिरणीपाशी गाडी लावा, ११५ फुटांचा ल्यूसिफर धबधबा उतरत्या वाटेने पाहत खाली या आणि दुपारी खालच्या धबधब्याच्या डोहात हवे तेवढे डुंबा. परत चढून गाडी गाठायची आहे, एवढे भान असू द्यावे.

प्रश्न : आम्ही पोर्टलंडजवळ राहतो. आठ वर्षांच्या मुलीला सिल्व्हर फॉल्स दाखवायचे आहे. जूनच्या मध्यास शाळा संपेपर्यंत थांबावे का? — एक पालक, बीव्हरटन, ओरेगन

उत्तर : थांबू नये. तुमच्याकडे पाऊस हिवाळ्याचा आहे आणि उन्हाळा कोरडा जातो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कोणताही शनिवार निवडा, फक्त बर्फ पडून वाट गोठलेली नसावी. दहा धबधब्यांचा संपूर्ण फेरा ७.२ मैलांचा आहे आणि आठ वर्षांच्या मुलीला तो लांब पडेल. १७७ फुटांच्या साउथ फॉल्सपासून लोअर साउथ फॉल्सपर्यंत जाऊन वरच्या वाटेने परत येणारा पावणेतीन मैलांच्या आतला फेरा तिला पुरे. त्या दोन्ही धबधब्यांच्या मागून वाट जाते. तेवढ्यासाठीच मुले हा दिवस लक्षात ठेवतात.

मुलगी कधी सह्याद्रीत आली असेल तर तिला तेथील कातळ ओळखायला सांगा. तो बेसाल्ट आहे, आपल्या दख्खनसारखाच लाव्हाच्या पुरांनी एकावर एक थर रचून झालेला. दख्खनचे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांचे आहेत आणि हे दीड कोटीच्या आसपासचे, म्हणजे वयाने पुष्कळ धाकटे. या टणक थराखालचा जुना मऊ थर पाण्याने पोखरला, म्हणून धबधब्यामागे चालता येण्याजोगी कपार तयार झाली. नॉर्थ फॉल्सच्या कपारीत गेलात तर छताकडे पाहायला सांगा. लाव्हाने गिळलेल्या झाडांचे बुंधे जळून-कुजून गेले, पण त्यांचे गोल साचे दगडात राहिले आहेत. घळीतल्या वाटेवर कुत्र्याला नेता येत नाही, एवढे आधीच पाहून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे नॅशनल पार्कांचा वार्षिक पास आहे. तो या उद्यानांत चालतो का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चालत नाही. तो पास केंद्र सरकारच्या जागांसाठी आहे. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य उद्यानांत प्रवेशशुल्कच नाही, त्यामुळे रिकेट्स ग्लेनला काही द्यावे लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये गाडीमागे शुल्क असते, मात्र एका उद्यानात घेतलेली पावती त्याच दिवशी दुसऱ्या राज्य उद्यानातही चालते. टॉगॅनॉक आणि बटरमिल्क एकाच दिवशी पाहणार असाल तर ती पावती टाकून देऊ नका, गाडीच्या पुढच्या काचेशी दिसेल अशी ठेवा.